पैजेचा जमाखर्च

यंदा आयपीएलचा करंडक कोण नेणार, यावर मंचेरियलच्या चहाच्या टपरीवर तासन्‌तास वाद रंगतो. त्यात गैर काहीच नाही. 2008 पासून वाट पाहणाऱ्या बंगळूरने 3 जून 2025 रोजी पंजाबला 6 धावांनी हरवून प्रथमच करंडक मिळवला. तोवर आमच्या कन्नड मित्रांनी तो वाद निष्ठेने लढवला. मात्र वादात भाव शिरला की प्रकरण बदलते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून हिशेबच मांडतो. समजा, संघ तुल्यबळ आहेत. दोघांनी दोन बाजूंना शंभर-शंभर रुपये लावले. जिंकणाऱ्याला 190 मिळाले, बुकीकडे 10 उरले. सामना कोणीही जिंको, त्याचा नफा ठरलेला! आपले क्रिकेटचे ज्ञान तर त्याने भाव काढतानाच जमेस धरलेले असते.

तेलंगणाने 2017 मध्ये ऑनलाइन जुगाराला बंदी केली, 2025 मध्ये संसदेनेही पैशांच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. पण कायदा काही वसतिगृहाच्या खोलीत येऊन बसत नाही. तिथे पणाला लागतात ते घरून आलेले मेसचे पैसे.

मित्रहो, वाद जरूर घालावा. हरणाऱ्याने फार तर चहा पाजावा.