ड्रॉइंग नाही, पैसे नाहीत, आणि म्हणे चांगली माणसं मिळत नाहीत!

गेल्या रविवारी उस्मानपुऱ्यात चहाला गेलो आणि एका जुन्या वर्गमित्राच्या तावडीत सापडलो. वाळूजला त्याचं छोटं युनिट आहे. तीन सीएनसी मशीन, सात-आठ माणसं, बुश आणि पिना बनवतो. ऑफिस म्हणाल तर उस्मानपुऱ्यातली दहा बाय बाराची खोली. माणूस सज्जन, पण त्या दिवशी भयंकर पेटला होता.

"तुमच्या सॉफ्टवेअर लाइनमधे सगळे चोर भरलेत रे!"

आता सतरा वर्षं या लाइनमधे काढल्यावर असल्या वाक्याचा राग येत नाही, कुतूहल वाटतं. म्हणलं, काय झालं ते सांग आधी.

झालं ते असं. त्याला वेबसाइट हवी होती. बजेट बारा हजार. एका फ्रीलान्सिंग साइटवर त्याने जाहिरात टाकली, अक्षरशः दोन ओळींची: "इंडियामार्टसारखी साइट हवी, पण साधी. शिवाय डिस्पॅचचा हिशोब ठेवता आला पाहिजे." रातोरात चाळीसच्या वर अर्ज आले. गडी खूश. त्यातल्या सर्वात स्वस्त पाच जणांना याने सांगितलं, "आधी होम पेज बनवून दाखवा, आवडलं तर काम देतो." तिघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने नम्रपणे नकार कळवला. पाचव्याने रात्रीत पान बनवून दिलं, तेही चार हजारात सगळं काम करायच्या बोलीवर. निम्मे पैसे आगाऊ गेले. पंधरा दिवसांनी साइट आली. कुठल्याशा परदेशी हॉस्पिटलच्या फोटोखाली आमच्या मित्राच्या कंपनीचं नाव! डोमेन त्या पोराच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडे आणि फोन बंद.

मला वाईट वाटलं, पैसे गेले त्याचे. पण सगळं ऐकून घेतल्यावर जे वाटलं ते मी बोललो, आणि त्याच्या आवडत्या चहाची चव गेली. म्हणलं, मित्रा, त्या पोराने तुला फसवलं हे खरं. पण काम बिघडवायला तू स्वतः त्याच्या आधीच सुरुवात केली होतीस.

"मी? मी काय केलं?"

"मला एक सांग. तुझ्याकडे एखादं गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, 'बजाजला लागतात तशा पिना द्या, पण साध्या,' तर तू काय करशील?"

"ड्रॉइंग मागेन."

"ड्रॉइंग नाहीये."

"मग नमुना द्या म्हणेन. मटेरियल कुठलं, क्वांटिटी किती, टॉलरन्स काय? त्याशिवाय रेट कसा काढणार?"

"आणि तो म्हणाला, आधी पन्नास पिना फुकट करून दाखवा, आवडल्या तर ऑर्डर देतो?"

पुढचं त्याचं उत्तर मी इथे लिहू शकत नाही. :-)

तर मंडळी, मुद्दा हा आहे. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला शेकडो छोटी वर्कशॉप्स उभी राहिली. जॉब वर्क म्हणजे काय, हे आपल्या शहराला कुणी शिकवायला नको. ड्रॉइंग येतं, रेट ठरतो, पीओ निघते, फर्स्ट पीस पास होतो, मग लॉट सुरू होतो. बाहेरच्या माणसाकडून काम करून घ्यायची ही पद्धत इथल्या टर्नरलासुद्धा पाठ आहे. पण तोच माणूस कॉम्प्युटरसमोर बसला की सगळं विसरतो. कारण स्क्रीनवरचं काम त्याला काम वाटतच नाही. "तुला काय, दोन तासांचं काम आहे" हे वाक्य ज्याने ऐकलेलं नाही असा प्रोग्रामर मला अजून भेटायचाय.

लोक म्हणतात, बजेट कमी आहे म्हणून चांगला माणूस मिळत नाही. मी म्हणतो, साफ खोटं. बजेट कमी असणं हा गुन्हा नाही. कमी बजेटमधे मोठं काम मागणं हा गुन्हा आहे. खिशात बारा हजार असतील तर बारा हजारांचं काम मागा. पैसे कमी पडले की काम कापायचं असतं, माणसाचा दर नाही. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

(पुढचंही वाचाच. दोन तास घालवलेत लिहायला.)

दर कापल्यावर काय होतं, ते जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन सांगून ठेवलंय. घेणाऱ्याला चांगली गाडी आणि भंगार गाडी यातला फरक कळत नसेल तर तो सरासरी भावच देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला येतच नाही. मग बाजारात उरतं भंगार, त्यामुळे भाव आणखी पडतो, आणखी चांगली गाडी बाहेर जाते. 2001 साली त्याला याच विषयावरच्या कामासाठी नोबेल मिळालं. माझ्या मित्राने हाच प्रयोग बारा हजारांत केला. नकार कळवणारा तो एक जण, आणि कदाचित उत्तर न देणारे तिघेही, बहुधा कामाची माणसं होती. त्यांनी जाहिरात वाचली, गिऱ्हाईक ओळखलं आणि पुढे गेले. चाळणी त्याने लावली खरी, पण उलटी. गहू खाली पडला, खडे वर राहिले.

आता या फुकट सँपलबद्दल जरा स्पष्ट बोलतो, कारण माझा खरा राग त्याच्यावर आहे. नोकरीला लागल्यावर सुरुवातीची काही वर्षं मी रात्री अशाच साइट्सवर कामं घ्यायचो. त्यातल्या एका गिऱ्हाइकाने "टेस्ट" म्हणून एक छोटा रिपोर्ट बनवून मागितला. दोन रात्री जागून दिला. उत्तर आलं नाही. काही महिन्यांनी सहज त्यांची साइट उघडली तर माझा रिपोर्ट तिथे चालू होता. मी ठेवलेल्या स्पेलिंगच्या चुकीसकट! पैसे असे कितीसे होते? पण त्यानंतर मी फुकट टेस्ट मागणाऱ्याला कधी उत्तर दिलं नाही. ज्याला काम येतं तो प्रत्येक जण कधी ना कधी हाच निर्णय घेतो. म्हणजे फुकट टेस्ट मागितली की तुमच्यापुढे उरतात दोनच प्रकार: ज्याला अजून ठेच लागलेली नाही तो, आणि ज्याला ठेच तुम्हाला लावायचीय तो.

आणि समोरच्याचा खर्चही बघा की. हा धंदा काही आजचा नाही. एलान्स 1999 चं, ओडेस्क 2003 चं. दोन्ही एक झाले आणि 2015 पासून अपवर्क म्हणून चालतात. तिथे अर्ज करायलासुद्धा 'कनेक्ट्स' लागतात, आणि फुकट मिळालेले संपले की ते डॉलर मोजून विकत घ्यायचे. फायव्हरवर विकणाऱ्याच्या कमाईतले 20 टक्के साइट कापून घेते. म्हणजे तुमच्या चार हजारांतले आठशे वाटेतच गेले. उरलेल्या बत्तीसशेत त्याने तुमच्यासाठी किती दिवस द्यावेत अशी अपेक्षा आहे? वाळूजला चांगला वेल्डर किती रोज घेतो ते विचारून या एकदा.

"पण मग चांगला कोण ते ओळखायचं कसं?" मित्राचा प्रश्न रास्त होता. पूर्वी अर्जाच्या पत्रावरून थोडंफार कळायचं. साच्यातलं पत्र कुठलं आणि आपली जाहिरात खरंच वाचून लिहिलेलं कुठलं, हे दोन ओळींत समजायचं. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि ती सोयही संपली. आता चाळीसच्या चाळीस पत्रं सुंदर असतात, प्रत्येकाला तुमच्या बुश आणि पिनांबद्दल अपार जिव्हाळा असतो. पोर्टफोलिओचंही तेच. त्यामुळे आता पत्रावर जाऊ नका, कामावर जा. आणि काम बघायचं तर पैसे मोजा. फर्स्ट पीस, दुसरं काय!

मग तिथेच, कागदी पिशवीच्या पाठीवर, आम्ही त्याच्या बारा हजारांचा हिशोब मांडला:

1. आधी काम कापलं. डिस्पॅचचा हिशोब आज एक्सेलमधे चालतोय, तो तिथेच राहू दे. साइटवर तीनच पानं: आम्ही काय बनवतो, आमची मशीन्स, आणि संपर्क. गिऱ्हाइकाला याहून जास्त बघायचं नसतंच.

2. एक पान ड्रॉइंग. म्हणजे मराठीत, हाताने, कुठल्या पानावर काय दिसेल ते लिहायचं. फोटो आपले, मजकूर आपला. "इंडियामार्टसारखी" हा शब्द वापरायचा नाही.

3. दोन हजार चाचणीला. पसंतीच्या दोघांशी आधी दहा मिनिटं फोनवर बोलायचं, मग दोघांनाही तेच एक पान करायला द्यायचं आणि प्रत्येकी हजार रुपये द्यायचे. काम नाही आवडलं तरी द्यायचेच. कोण वेळेत देतो, कोण प्रश्न विचारतो, ते बघायचं. मी तर प्रश्न विचारणाऱ्याला झुकतं माप देतो. काहीच न विचारता "हो सर, होऊन जाईल" म्हणणारा माणूस महागात पडतो.

4. आठ हजार मुख्य कामाला, दोन टप्प्यांत. साइटमार्फत काम असेल तर पैसे आधी साइटकडे जमा होतात आणि काम पाहून सुटतात. ही सोय सोडून "सर, डायरेक्ट जीपे करा" म्हणणाऱ्याच्या नादी लागायचं नाही.

5. हजार डोमेनला. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने. घराचा सातबारा कुणी गवंड्याच्या नावावर करतं का?

6. उरलेले हजार राखून ठेवायचे. फोन नंबर बदलायचा असेल तेव्हा लागतील. तोही फुकट सांगायचा नाही!

यावर मित्र म्हणाला, "म्हणजे चाचणीतले हजार रुपये पाण्यात." हो, पाण्यात. तू फर्स्ट पीसच्या सेटिंगला किती बार स्टॉक वाया घालवतोस? तो खर्च धरलेला असतो ना? तसंच हे. मागच्या वेळी हा हजार वाचवायला गेलास आणि दोन हजार गेले. वर महिना गेला तो वेगळाच.

दोन गोष्टी कायद्याच्या, कारण त्या कुणीच सांगत नाही. पहिली तुमच्या फायद्याची. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे आणि त्यात प्रोग्रामसुद्धा येतो. नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड सहसा मालकाचा होतो, पण फ्रीलान्सर तुमचा नोकर नसतो. त्यामुळे वेगळं काही ठरलं नसेल तर पैसे देऊनही कोडवर पहिला हक्क त्याचाच राहतो. तो तुमच्या नावावर व्हायला सहीनिशी लेखी कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून चार ओळींचा का होईना, कागद करा.

दुसरी गोष्ट त्याच्या फायद्याची, म्हणून जास्त महत्त्वाची. फ्रीलान्सरने 'उद्यम' नोंदणी केली असेल तर 2006 च्या सूक्ष्म, लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे त्याचे पैसे लेखी करार नसल्यास 15 दिवसांत आणि करार असला तरी फार तर 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज! माझा मित्र स्वतः याच कायद्याचं नाव घेऊन मोठ्या कंपन्यांच्या नावाने खडे फोडत असतो. "नव्वद नव्वद दिवस पैसे अडकवतात रे." बरोबर आहे त्याचं. पण मग ज्या पोराने तुझ्यासाठी रात्र जागवली त्याच्यासाठी तू कोण आहेस? तूच ती मोठी कंपनी. अन्याय वरून खाली येतो तेव्हा आपल्याला दिसतो, आपल्याकडून आणखी खाली जातो तेव्हा तो "बजेट टाइट आहे" होतो.

शेवटी एक आक्षेप घेतला त्याने, आणि तो मला मान्य आहे. "हे सगळं करूनही फसवणारा फसवेलच." हो, फसवेल. पण फसवलं तर हजार रुपयांना आणि चार दिवसांना फसवेल, धंद्याच्या नावाला नाही. आणि चांगला माणूस सापडला तर त्याला सोडू नका. पुढचं काम त्यालाच द्या, दर वाढवून द्या. कमी बजेटवाल्याला याहून स्वस्त काही नाही, कारण शोधायचा खर्च वाचतो. बरं, तो माणूस ऑनलाइन शोधता शोधता आपल्याच गावात निघेल, हेही अशक्य नाही. उस्मानपुऱ्यातच शासकीय तंत्रनिकेतन आहे, स्टेशन रोडला शासकीय अभियांत्रिकी आहे. अशा कॉलेजांतली पोरं रात्री याच साइट्सवर परदेशातली कामं करतात. फक्त तीही आपलीच पोरं आहेत म्हणून फुकटात करतील, हे डोक्यातून काढा.

परवा मित्राचा मेसेज आला. खाली एका कागदाचा फोटो, वहीचं पान, तीन चौकोन काढलेले, प्रत्येकात काय येणार ते लिहिलेलं. कोपऱ्यात ड्रॉइंगवर असतं तसं "रिव्हिजन 0" लिहून तारीख आणि सही. खाली प्रश्न: "एवढं चालेल का?"

चालेल म्हणजे काय! सतरा वर्षांत मला मोठमोठ्या क्लायंटांकडूनसुद्धा इतकी स्वच्छ स्पेसिफिकेशन फार वेळा मिळालेली नाही.