गिलावा वाळत नाही, मुरतो

नवा गिलावा झाला की मालक दुसऱ्या दिवशी गवंड्याला विचारतो, "वाळला का?" प्रश्न साधा आहे, पण सगळा घोटाळा त्यातच आहे. कपडा वाळतो, पापड वाळतो, मातीचा गिलावाही वाळतो. सिमेंटचा गिलावा मात्र वाळून घट्ट होत नाही. तो पाण्याशी संयोग पावून घट्ट होतो. पाणी लवकर उडून गेले, तर तो घट्ट होण्याचे काम अर्ध्यावरच थांबते.

हे शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत तर प्रत्येकाला ठाऊक हवे. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. पुढे वैतरणा आणि भातसा या नद्यांचे पाणीही मुंबईकडे गेले. पावसाळ्यात या भागात धो धो पाऊस पडतो. पण एप्रिल-मे महिन्यांत इथल्याच अनेक पाड्यांवर बायाबापड्या टँकरची वाट पाहतात. त्याच भागात आता शेतघरांतून आणि विश्रामगृहांतून पोहण्याचे तलाव बांधले जात आहेत, आणि गावोगावी पिण्याच्या पाण्याच्या टाक्याही. दोन्ही ठिकाणी गिलावा सिमेंटचाच, आणि विज्ञानही एकच.

सिमेंटमध्ये मुख्यतः कॅल्शियमची सिलिकेटे असतात. पाणी मिळाले की त्यांच्यापासून चिकट, अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे तयार होते, आणि त्याबरोबर कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच चुना, मोकळा होतो. हे जाळे वाळूचे कण एकमेकांना जखडून ठेवते आणि मधली छिद्रे बुजवते. पहिल्या काही तासांत गिलावा हाताला कडक लागतो. पण आतली अभिक्रिया पुढे कित्येक आठवडे चालू असते. म्हणून तर सिमेंटची ताकद २८ दिवसांनी मोजतात.

काँक्रीट किती दिवस ओले ठेवावे, हे भारतीय मानक ४५६ (सन २०००) मध्ये दिले आहे : साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, कोरड्या व उष्ण हवेत निदान १० दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर १४ दिवसांपर्यंत वाढवावे. गिलावा तर काँक्रीटपेक्षा कितीतरी पातळ. ऊन आणि वारा यांनी त्यातले पाणी चटकन उडते, पृष्ठभाग आकसतो आणि केसासारख्या बारीक भेगा पडतात. तेव्हा त्याची निगा काँक्रीटपेक्षा कमी करून कसे चालेल?

पोहण्याच्या तलावाला तर आतले पाणीच गिलावा ओला ठेवते. गिलावा घट्ट बसला की तो कोरडा पडू न देता तलाव भरायला घ्यावा, आणि एकदा सुरुवात केली की काठापर्यंत न थांबता भरावा. मध्येच थांबलो तर पाण्याखालचा भाग ओला आणि वरचा कोरडा, असे होऊन भिंतीवर कायमचे वर्तुळ उमटते. पाण्याची धार कोवळ्या गिलाव्यावर पडू नये म्हणून नळीच्या तोंडाला गोणपाट बांधून ती सर्वांत खोल भागात सोडावी.

आता चुन्याकडे पाहा. शाळेत चुन्याच्या निवळीत तुम्ही फुंकर मारली असेल. निवळी दुधाळ होते. नव्या तलावातही तसेच घडते. गिलाव्यातून सुटलेला चुना पाण्यात उतरतो, पाण्यातल्या कार्बोनेटाशी मिळून पांढरी भुकटी होते आणि भिंतीवर बसते. सुरुवातीचे काही दिवस मऊ कुंच्याने ती रोज झाडून काढली नाही, तर तिचे घट्ट कीटण होते. चुन्यामुळे पाण्याचे पीएच मूल्यही चढते. ते जाणकाराने मोजून हळूहळू ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणायचे असते. उलट पाणी फार मृदू असेल, पावसाच्या पाण्यासारखे, तर ते गिलाव्यातला चुना विरघळवून नेते आणि पृष्ठभाग खडबडीत होतो.

काहीजण म्हणतील, टँकरच्या तालुक्यात पोहण्याचे तलाव हवेतच कशाला? हा प्रश्न रास्त आहे. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात ७५ घनमीटर, म्हणजे ७५,००० लिटर पाणी मावते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. त्या हिशेबाने हे सुमारे १,३६० माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. गिलावा बिघडला, तलाव रिकामा करून पुन्हा भरावा लागला, तर आणखी तितकेच पाणी! म्हणून माझे म्हणणे असे, की जिथे तलाव बांधायचाच आहे तिथे तो पावसाळा संपल्यावर, विहिरी भरलेल्या असताना गिलावून एकदाच भरावा. उन्हाळ्यात टँकरने तलाव भरण्याला मात्र ग्रामसभेने स्पष्ट नकार द्यावा.

पण माझा खरा आग्रह गावच्या टाकीबद्दल आहे. मार्चअखेर काम उरकण्याची घाई आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. त्या घाईत टाकीचा गिलावा मार्चमध्ये होतो आणि त्याला पाणी मारण्याचे दिवस नेमके टंचाईत येतात. जिथे प्यायलाच पाणी नाही, तिथे भिंतीला कोण देणार? मग टाकी झिरपू लागते आणि दोष गवंड्याच्या माथी मारला जातो. दोष वेळापत्रकाचा आहे. टाकीचा गिलावा नोव्हेंबर ते जानेवारीत करावा. हवा थंड, बाष्पीभवन कमी आणि पाणी जवळ. भिंतींना ओले गोणपाट लावून ठेवले तर थोड्या पाण्यात काम भागते. टाकीतले चुनकट झालेले पहिले पाणी पिऊ नये. पण ते दुसऱ्या बांधकामाला मारायला उत्तम. प्रयोगशाळेतही सिमेंटचे नमुने चुन्याच्या पाण्यात बुडवून ठेवतात.

विद्यार्थी मित्रांनो, हे नुसते वाचून सोडू नका. शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून (ओले सिमेंट कातडी भाजते), एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळू यांच्या एकाच मिश्रणाच्या दोन वड्या पाडा. दुसऱ्या दिवशी एक पाण्यात बुडवा, दुसरी उन्हात ठेवा. सात दिवसांनी दोन्ही आणखी दोन दिवस सावलीत सुकवा. मग खिळ्याने ओरखडा काढा आणि प्रत्येकीवर पाण्याचा एक थेंब टाकून तो किती वेळात शोषला जातो ते पाहा.

त्या दोन वड्या शाळेत जपून ठेवा. पुढच्या वेळी गावात नव्या टाकीची चर्चा निघेल, तेव्हा शिक्षकांबरोबर त्या ग्रामसभेत घेऊन जा आणि एकच प्रश्न विचारा : गिलावा कोणत्या महिन्यात होणार, आणि त्यानंतरचे चौदा दिवस त्याला पाणी कुठून आणणार? याचे उत्तर काम सुरू होण्याआधी मिळाले, तरच ती टाकी पाणी धरील.