हृदयाचा ताण मोजणारी प्रतिपिंडे

दम लागतो म्हणून रुग्णालयात आलेल्या माणसाला नेमके काय झाले आहे, हे ओळखणे वाटते तितके सोपे नसते. दमा, न्यूमोनिया, रक्तक्षय आणि हृदयाची घटलेली ताकद या सगळ्यांत तक्रार एकच असते. उपचार मात्र अगदी वेगळे. अशा वेळी डॉक्टर ‘बीएनपी’ किंवा ‘एनटी-प्रोबीएनपी’ ही रक्तचाचणी सांगतात आणि काही वेळात एक आकडा हाती येतो. या आकड्याची विश्वासार्हता चाचणीतील प्रतिपिंडांवर अवलंबून असते. म्हणूनच अधिक घट्ट पकड असलेली प्रतिपिंडे घडवण्यासाठी जगभरातील प्रयोगशाळा धडपडत आहेत.

हृदय हा केवळ पंप नाही, तो संप्रेरकही तयार करतो, हे १९८१ साली कॅनडात अडोल्फो द बोल्ड यांच्या प्रयोगांतून पुढे आले. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क उंदरांना टोचल्यावर त्यांच्या लघवीवाटे मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडू लागले. १९८८ साली जपानी संशोधकांना तसाच एक पदार्थ डुकराच्या मेंदूत सापडला. त्याच्या नावात ‘ब्रेन’ हा शब्द आला तो त्यामुळे. पुढे कळले की माणसात तो मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून स्रवतो. कप्प्यांच्या भिंतींवर ताण आला की पेशी १०८ अमिनो आम्लांची एक साखळी बनवतात. तिचे दोन तुकडे होतात: ३२ अमिनो आम्लांचे कार्यक्षम बीएनपी आणि ७६ अमिनो आम्लांचे निष्क्रिय एनटी-प्रोबीएनपी. पहिल्याचे रक्तातील प्रमाण सुमारे २० मिनिटांत निम्मे होते, दुसरा तुकडा त्याहून बराच जास्त वेळ टिकतो.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दम लागून तातडीच्या विभागात आलेले १,५८६ रुग्ण तपासले गेले. बीएनपीसाठी प्रति मिलिलिटर १०० पिकोग्रॅम ही रेषा धरल्यावर सुमारे ८३ टक्के रुग्णांत निदान बरोबर आले. त्यानंतर ही चाचणी जगभर रुजली. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तातडीच्या रुग्णात बीएनपी १०० पेक्षा किंवा एनटी-प्रोबीएनपी ३०० पेक्षा कमी असेल, तर अचानक बळावलेल्या हार्ट फेल्युअरची शक्यता फार कमी मानली जाते.

१०० पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा अब्जावा हिस्सा. एक मिलिलिटर रक्तद्रवात इतर प्रथिने साधारण ७० मिलिग्रॅम असतात, म्हणजे वजनाने या संप्रेरकाच्या ७० कोटी पट. या गर्दीतून नेमका हाच रेणू पकडायचा आणि चाचणीतील धुण्याच्या टप्प्यांत तो निसटू द्यायचा नाही, हे काम प्रतिपिंड करते. त्याची पकड किती घट्ट आहे, हे संप्रेरकाचे प्रमाण किती कमी असताना निम्मी प्रतिपिंडे त्याला धरून बसतात यावरून ठरते. ते प्रमाण जितके कमी, तितकी पकड घट्ट. सैल पकडीच्या प्रतिपिंडाने मोजणी केली, तर सीमारेषेजवळचा रुग्ण निरोगी वाटू शकतो.

पूर्वी प्राण्याला टोचून त्याच्या शरीरात जे प्रतिपिंड तयार होईल, तेच वापरावे लागे. १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची पद्धत शोधली. १९८५ साली जॉर्ज स्मिथ यांनी जिवाणूभक्षक विषाणूच्या पृष्ठभागावर प्रथिने मांडण्याची युक्ती दाखवली आणि ग्रेगरी विंटर यांनी ती प्रतिपिंडांसाठी वापरली. या कामाला २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आता एका प्रतिपिंडाची अब्जावधी रूपे तयार करता येतात. प्रत्येक फेरीत पकडायचा रेणू कमी द्यायचा, धुणे वाढवायचे आणि जी रूपे तरीही त्याला सोडत नाहीत तीच पुढे न्यायची. २००० साली अमेरिकेत यीस्टच्या पेशी वापरून एका रंगद्रव्याला अनेक दिवस न सोडणारे प्रतिपिंड असेच घडवले गेले. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल प्रथिनांच्या संगणकीय रचनेला मिळाले. त्यामुळे या क्षेत्राचा वेग आणखी वाढणार आहे.

मात्र केवळ घट्ट पकडीने प्रश्न सुटत नाही. बीएनपीची दोन्ही टोके रक्तातील विकरे कुरतडतात. त्याच्या मधल्या भागातील कडे एएनपी या भावंड संप्रेरकाच्या कड्याशी मिळतेजुळते आहे. एनटी-प्रोबीएनपीच्या मधल्या भागावर शर्करेचे रेणू चिकटलेले असतात आणि तिथे बसणाऱ्या प्रतिपिंडाला जागाच मिळत नाही. शिवाय हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत न तुटलेली मूळ साखळीही रक्तात फिरते आणि बीएनपीच्या चाचण्या तिलाही कमी-अधिक मोजतात. बहुतेक चाचण्यांत एक प्रतिपिंड रेणू धरते आणि दुसरे त्याच्या वेगळ्या भागावर बसून खूण देते. त्यातला एक भाग कुरतडला गेला, तर पकडलेला रेणूही मोजणीत येत नाही. यावर एक चतुर उपाय निघाला आहे. पहिले प्रतिपिंड बीएनपीच्या मधल्या टिकाऊ भागाला धरते आणि दुसरे त्या दोघांच्या जोडीला ओळखते. म्हणजेच पकडीइतकेच महत्त्व जागेच्या निवडीलाही आहे.

रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी यांच्या आकड्यांची परस्परांशी तुलना करू नये. पाठपुराव्याची चाचणी शक्यतो त्याच पद्धतीने करावी. वय आणि मूत्रपिंडाचा आजार यांमुळे आकडा वाढतो, लठ्ठपणात तो कमी येतो. सॅक्युबिट्रिल असलेले औषध बीएनपी तोडणारे विकर रोखते. त्यामुळे हृदय सुधारत असतानाही बीएनपी वाढलेले दिसू शकते. अशा रुग्णांत एनटी-प्रोबीएनपी अधिक भरवशाचे ठरते. केस-नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे काही चाचण्यांचे निकाल चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला होता. दोन प्रतिपिंडांच्या चाचणीत अशा वेळी आकडा खोटा कमी येऊ शकतो. म्हणून रक्त देण्यापूर्वी अशा गोळ्यांची माहिती डॉक्टरांना द्यायला हवी.

भारतात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. तिरुवनंतपुरमच्या हार्ट फेल्युअर नोंदवहीतील रुग्णांचे सरासरी वय ६१ होते, पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा सुमारे दहा वर्षे कमी. म्हणजे अनेकांना हा आजार कमावत्या वयातच गाठतो. सोनोग्राफीसारखीच हृदयाची तपासणी असलेली इको आणि ती करणारा तज्ज्ञ तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळत नाही. तिथे बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर होणारी भरवशाची चाचणी मोठा आधार ठरेल. छोट्या पट्टीवर मोठ्या यंत्रासारखा वेळ आणि धुण्याची सोय नसते. त्यामुळे तिथे प्रतिपिंडाची पकड आणि जागा या दोन्हींची खरी कसोटी लागते.

त्यामुळे अशा पट्ट्या खरेदी करताना केवळ किंमत पाहून चालणार नाही. प्रतिपिंड रेणूचा कोणता भाग ओळखते, मोठ्या यंत्राशी निकाल किती जुळतो आणि भारतीय रुग्णांवर तपासणी झाली आहे का, हे आधी विचारले पाहिजे. चुकून कमी आलेला आकडा रुग्णाला निर्धास्त करून घरी पाठवतो, आणि तालुक्याच्या ठिकाणाहून परत यायला त्याला उशीर झालेला असतो.