दोन वाक्यांमधील जागा

गेल्या उन्हाळ्यांत शहापूर तालुक्यांतील शेणव्यास आमचा मुक्काम असतां एका विद्यार्थिनीचा मराठी टंकलेखनाचा कागद आमच्या हातीं आला. मजकूर निर्दोष होता. तरीही प्रत्येक पूर्णविरामापुढें तांबडी खूण! तेथें दोन रिकाम्या जागा हव्या होत्या, तिनें एकच सोडली, हा तिचा अपराध. "दोन कां?" असें तिनें शिकविणारांस विचारिलें, तेव्हां "नियम आहे" एवढेंच उत्तर मिळालें. कारकुनीची आशा ज्या घरांत टंकलेखनाच्या प्रमाणपत्रावर असते, तेथें एकेक गुण मोलाचा. म्हणून या नियमाची झडती घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हा नियम मराठीच्या स्वभावांतला नव्हे. मोडी लिहिणारे आधीं सबंध ओळ आंखीत व मग तिला अक्षरें जोडीत. वाक्यांत तर राहोच, शब्दांतही ते जागा सोडीत नसत. पूर्णविराम आम्हीं इंग्रजीपासून घेतला. मेजर कँडी यांच्या खटपटीनें एकोणिसाव्या शतकांत विरामचिन्हें मराठींत रुजलीं, आणि वाचकाची सोय झाली, हें चांगलेंच झालें. परकें म्हणून आम्ही कशासही हांकलून देत नाहीं. परंतु दुसऱ्या रिकाम्या जागेनें कोणाची सोय होते?

प्रतिपक्ष म्हणेल कीं, टंकयंत्रावर प्रत्येक अक्षरास सारखीच जागा मिळे. तेथें वाक्याचा शेवट ठळक दिसण्यास दोन जागा हव्यात. कबूल! पण संगणकावरील नेहमींच्या देवनागरी टंकांत 'र' अरुंद व 'क्ष' रुंद असतो. मग तें कारण उरलें कोठें? जुने इंग्रजी छापखाने पूर्णविरामापुढें अधिक जागा सोडीत, हेंही खरें. मात्र तेथें खिळे जुळविणारा ती जागा नजरेनें बेतीत असे. येथें कळ दोनदां दाबली कीं झालें! दोन्ही समास सारखे करतांना त्या जागा आणखी ताणल्या जातात आणि पानास कसर लागल्यासारखें दिसतें. शिवाय मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपतें. त्याचा शेवट वाचकाच्या कानास आधींच कळतो. मायक्रोसॉफ्ट वर्डनें तर २०२० सालीं इंग्रजींतही ही दुहेरी जागा चूक ठरविली. जेथून नियम आला तेथेंच तो मोडीत निघाला, आणि आम्ही मात्र तो सोंवळ्यासारखा पाळीत बसलों आहों!

एक जागा पुरेशी आहे. 'कां' विचारणाऱ्या मुलीचे गुण कापण्यापेक्षां शिकविणारांनीं तिच्या प्रश्नाचें उत्तर शोधावें. नच सांपडल्यास तांबडी लेखणी खालीं ठेवावी.