लाकडी टिकावाने लोखंड निघत नाही

गेल्या वर्षी बारावीचा निकाल लागला आणि आमचा भाचा आमच्याकडे महिनाभर राहावयास आला. कॉमर्सला पुस्तपालनाच्या पेपरात त्याची दांडी उडाली होती. आमची धाकटी बहीण म्हणाली, "दादा, तू बी.कॉम. आहेस. हिशेब लिहिण्यात तुझा जन्म गेला. पुरवणी परीक्षेला एवढ्या पोराला मार्गी लाव." आम्ही होकार दिला.

परंतु पोरगा पुस्तक उघडेल तर शपथ! ऑफिसातून घरी यावे, तर हा आपला फोनमध्ये डोके खुपसून बसलेला. चौकोनी झाडे, चौकोनी डोंगर, चौकोनी गाई. मनातून म्हणालो, आई चार घरची धुणी-भांडी करते आणि चिरंजीव दगड फोडतात, तेही खोटे! एका रात्री आमचा संयम सुटला. फोन हिसकावून घेतला आणि नाही नाही ते बोललो. पोरगा उलटून बोलला नाही. एवढेच म्हणाला, "मामा, तुम्ही एकदा खेळून बघा. मग बोला."

त्या खेळाचे नाव माइनक्राफ्ट. स्वीडन देशातील मार्कुस पर्सन नावाच्या माणसाने तो २००९ साली प्रथम लोकांपुढे आणला, २०११ साली तो पूर्ण स्वरूपात आला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी स्टॉकहोमची कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. भाच्याने लग्नसराईत केटरिंगच्या कामाला जाऊन मिळालेल्या पैशातून तो घेतला होता. खेळ तगून राहण्याचा आहे. उजाडते तेव्हा तुम्ही माळावर एकटे असता आणि हातात काहीही नसते. रात्र झाली की मारावयास भुते येतात. तत्पूर्वी लाकूड जमवा, हत्यार करा, निवारा बांधा.

आम्ही बसलो. झाड तोडले. एका ओंडक्याच्या चार फळ्या झाल्या. तीन फळ्या आणि दोन काठ्या जोडून टिकाव तयार केला. मोठा उत्साह आला. डोंगराच्या पोटात पिवळसर ठिपक्यांचा दगड दिसला. भाचा म्हणाला, "हे लोखंड." आम्ही लाकडी टिकाव घेतला आणि घाव घालत सुटलो. बऱ्याच वेळाने दगड फुटला. हातात काय आले? काहीही नाही! दगडही गेला आणि लोखंडही गेले.

पोरगा हसू लागला. म्हणाला, "मामा, लाकडी टिकावाने लोखंड निघत नाही. आधी साधा दगड काढा, त्याचा टिकाव करा, मग त्याने लोखंड काढा. तुमची एक पायरी राहिली."

वाचकहो, या खेळाची सारी मेख इथेच आहे. लाकडी टिकावाने दगड मिळतो, दगडी टिकावाने लोखंड आणि लोखंडी टिकावाने हिरा. मधली पायरी गाळून कितीही घाम गाळा, पदरात शून्य. लोखंड मिळाले तरी ते कच्चे असते. आठ दगडांची भट्टी करून ते वितळवावे लागते. एका कोळशात आठ नग वितळतात. टिकावाचा टिकावही ठरलेला आहे. लाकडी टिकाव साठेक घावांत संपतो, दगडी सुमारे १३० घाव चालतो, लोखंडी २५० आणि हिऱ्याचा दीड हजारांहून अधिक. सोन्याचाही टिकाव करता येतो. तो झपाझप चालतो, पण तीसेक घावांत मोडतो आणि त्याने लोखंडसुद्धा निघत नाही. चकाकी आणि उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खेळ करणाऱ्याने बरोबर ओळखले आहे.

आम्हाला हसणारा भाचा स्वतः मात्र पुढच्या एका ठिकाणी पंधरा दिवस अडकून पडला होता. खेळात नेदर नावाचा दुसरा प्रदेश आहे. तिथे जाण्यासाठी ऑब्सिडियन नावाच्या काळ्या दगडाची चौकट उभारावी लागते. चार दगड रुंद आणि पाच दगड उंच. कोपरे सोडले तरी दहा दगड हवेत. हा दगड हिऱ्याच्या टिकावाशिवाय हाती लागत नाही. त्या टिकावाला तीन हिरे लागतात आणि पोराला एकही हिरा सापडत नव्हता.

का सापडत नव्हता? एका मित्राने त्याला सांगितले होते की, अकराव्या पातळीवर खणत राहा. मित्र खोटे बोलला नव्हता. त्याच्या वेळी तेच खरे होते. परंतु २०२१ सालच्या अखेरीस खेळातील जमीन आणखी खोल करण्यात आली. पूर्वी तळ शून्यावर होता, तो उणे ६४ वर गेला. आता हिरे दाट सापडतात ते उणे ५९ च्या आसपास. ही माहिती आमच्या गल्लीतील सातवीच्या एका पोराने दिली. जुन्या जाणत्याचा सल्ला मोलाचा असतो, पण तो कोणत्या सालचा आहे, हेही विचारावे लागते.

भाचा खाली उतरला. दोन हिरे मिळाले. तिसऱ्याच्या शोधात पुढे जाताना पाय घसरला आणि तप्त लाव्ह्यात पडला. एरवी मेल्यावर सामान तिथेच पडून राहते आणि पाच मिनिटांच्या आत परतलो तर उचलता येते. लाव्ह्यात मात्र सारे जळून जाते. दोन्ही हिरे गेले. पोराने फोन उपडा ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. थोड्या वेळाने आवाज आला, "मामा, माझ्याच्याने काहीच होत नाही. हे पण नाही आणि ते पण नाही. मी कामालाच जातो."

त्या वाक्याने आमच्या पोटात खड्डा पडला. "ते" म्हणजे काय, हे न कळण्याइतके आम्ही भोळे नाही.

दुसऱ्या दिवशी आमची अकरा वर्षांची मुलगी त्याच्याशेजारी बसली. तिने विचारले, "दादा, लाव्ह्यावर पाणी ओतले की काळा दगड होतो ना? मग तो तिथून फोडून कशाला आणायचा? जिथे पाहिजे तिथेच लाव्हा ओतून वर पाणी टाकू या."

भाचा उठून बसला. तीन लगडींची एक बादली होते. एक बादली पाण्याला आणि एक लाव्ह्याला, म्हणजे सहा लगडी. शिवाय दरवाजा पेटवण्यासाठी चकमक हवी. तिला एक लगड आणि एक गारगोटी लागते. एकूण सात लगडी लोखंड, हिरा एकही नाही! साध्या दगडांचा साचा रचला. लाव्ह्याच्या डबक्यापासून साच्यापर्यंत दहा खेपा घातल्या. पहिल्या खेपेला लाव्हा वाहू लागला आणि त्यावर पाणी पडताच साधाच दगड झाला. वाहत्या लाव्ह्याचा ऑब्सिडियन होत नाही, एका जागी ठरलेल्याचाच होतो. साचा दुरुस्त केला. दहावा दगड बसला, चकमक घासली आणि चौकटीत जांभळा पडदा लहरू लागला. दोघांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या मावशी काय झाले म्हणून बघावयास आल्या.

यावेळी तयारीही केली होती. अंथरुणावर झोपून घेतले, म्हणजे मेलो तरी पुन्हा तिथेच उठू. मोलाचे सामान पेटीत ठेवले. पोटभर खाल्ले, कारण भूक लागलेली असली की जखम भरून येत नाही. पलीकडे नेदरमध्ये ओतलेले पाणी क्षणात वाफ होऊन जाते. ज्या बादलीने दार उघडले, तिचे पाणी तिथे कामाचे नाही. उलट जे सोने इकडे कुचकामी ठरले, त्याची एखादी वस्तू अंगावर घातली की तिकडची डुकरतोंडी माणसे आपल्याला सोडून देतात. प्रत्येक ठिकाणचा हिशेब निराळा.

त्या रात्री आम्ही भाच्याला जवळ बसवले आणि पहिल्यांदाच नीट विचारले, "तुझा ताळेबंद कुठे अडतो?" त्याने वही काढली. ताळेबंदात चूक नव्हती. तेरीजच चुकत होती. तेरीज चुकत होती, कारण खतावणी चुकत होती. आणि खतावणी चुकत होती, कारण कोणती रक्कम नावे आणि कोणती जमा, हेच त्याला ठाऊक नव्हते. अकरावीला वडील आजारी पडले, तेव्हा हा चार महिने कामावर जात होता. वर्गात रोजकीर्द शिकवून झाली ती त्याच चार महिन्यांत. बारावीचे वर्षभर हे लेकरू लाकडी टिकावाने लोखंडावर घाव घालत होते आणि आम्ही सारे त्याला आळशी म्हणत होतो.

आम्ही बारावीचे पुस्तक मिटले आणि अकरावीचे उघडले. येणारी वस्तू नावे, जाणारी वस्तू जमा, इथपासून सुरुवात केली. रोज रात्री जेवणानंतर दीड तास अभ्यास आणि त्यानंतर अर्धा तास खेळ. पुरवणीत तो काठावर पास झाला. काठावर का होईना, दार उघडले. आज तो सकाळचे कॉलेज करून दुपारी कामाला जातो.

आई-बापांना आमचे एवढेच सांगणे आहे. मूल खेळात किती वेळ घालवते, यावर जरूर लक्ष ठेवा. खेळाच्या दुकानातील रंगीत कपडे विकत घेऊ देऊ नका, त्यांनी एकही दार उघडत नाही. पण मूल अडले की आधी ओरडू नका. शेजारी बसा आणि कुठे अडले ते विचारा. अडते ते पुष्कळदा समोरच्या दाराशी नसते, मागे राहिलेल्या पायरीपाशी असते. तिथवर परत जाण्यात कसलाही कमीपणा नाही. आणि घरातल्या धाकट्या मुलीचेही ऐकत जा.

भाचा परवा येऊन गेला. खेळाच्या शेवटी म्हणे एक काळा ड्रॅगन आहे. त्याच्याकडे नेणाऱ्या चौकटीत बारा डोळे बसवावे लागतात आणि याचे अजून पाचच झाले आहेत. आम्ही विचारले, "मग कसे करणार?" म्हणाला, "होईल मामा. कुठली पायरी राहिली ते बघतोय."