उडत्या तबकड्या आणि पत्राकामगार

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील घड्याळात रात्रीचा एक वाजला की 'कोस्ट टू कोस्ट ए. एम.' हा नभोवाणीवरील संभाषणाचा कार्यक्रम सुरू होतो आणि पहाटे पाचपर्यंत चालतो. भुते, परग्रहवासी, मृत्यूनंतरचे जीवन, उडत्या तबकड्या आणि सरकारी कारस्थाने हे त्याचे नित्याचे विषय. आर्ट बेल या निवेदकाने १९७८ साली लास व्हेगासच्या एका केंद्रावर रात्रीची वेळ हाती घेतली तेव्हा चर्चा मुख्यत: राजकारणाची असे. पुढे ती गूढाकडे वळली. नेवाडाच्या वाळवंटातील पारम्प या लहान गावी, राहत्या घरातून बेल बोलत असत आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस देशभरातील पाचशेच्या आसपास केंद्रे त्यांचा आवाज प्रसारित करीत होती. १ जानेवारी २००३ पासून सूत्रे जॉर्ज नूरी यांच्याकडे गेली. बेल २०१८ साली निवर्तले.

हा कार्यक्रम ऐकतो कोण? रात्रभर मालमोटार हाकणारा चालक, गोदामाचा पहारेकरी, रुग्णालयातील रात्रपाळीची परिचारिका, पहाटेचा पाव भाजणारा कामगार, आणि झोप हरवलेली एकाकी माणसे. चोवीस तास चालणाऱ्या उद्योगव्यवस्थेला कोणीतरी जागे राहावे लागते, आणि जो जागा राहतो त्याच्याशी बोलायला त्या वेळी दुसरे कोणी नसते. प्रतिष्ठित वृत्तपत्रे या श्रोत्यांना हसतात. परंतु इतर कार्यक्रमांत श्रोत्याला आधी एका साहाय्यकाच्या चाळणीतून जावे लागते, तशी चाळणी बेल यांनी ठेवली नव्हती. दूरध्वनी लागला की माणूस थेट देशाशी बोलू लागे. सामान्य माणसाच्या शब्दावर एवढा विश्वास टाकणारे व्यासपीठ त्या देशात फार नव्हते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

या श्रोत्यांना कोणते विषय हवे असतात, ते पाहण्यासारखे आहे. रॉझवेलला १९४७ साली नेमके काय पडले? वॉशिंग्टन राज्यातील एलेन्सबर्गजवळच्या अथांग विवरात काय आहे? (मेल वॉटर्स असे नाव सांगणाऱ्या गृहस्थाने १९९७ साली हे विवर आपल्या जमिनीत असल्याचे सांगितले. पुढे ना तो गृहस्थ सापडला, ना विवर.) रात्री खोलीच्या कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या सावल्या कोणाच्या? आणि सर्वांत लाडका प्रश्न म्हणजे, नेवाडातील 'एरिया ५१' या हवाईदलाच्या तळावरील हँगरमध्ये सरकारने काय लपवले आहे? विषय अनेक असले तरी त्यातल्या बहुतेकांचा धागा एकच असतो: आपल्यापासून काहीतरी दडवले जात आहे.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचा संस्कार झालेल्या मराठी वाचकाची पहिली प्रतिक्रिया संतापाची होईल, आणि ती रास्त आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २०१३ साली ज्या कामासाठी प्राण द्यावे लागले, त्या कामाची किंमत जाणणाऱ्याला हा गूढाचा बाजार गमतीचा वाटणे शक्य नाही. नोव्हेंबर १९९६ मध्ये याच कार्यक्रमात ह्यूस्टनच्या एका हौशी आकाशनिरीक्षकाने हेल-बॉप धूमकेतूच्या मागे एक गूढ वस्तू चालत असल्याचे सांगितले. ती वस्तू म्हणजे पार्श्वभूमीवरील एक साधा तारा होता आणि खगोलशास्त्रज्ञांनी तसे लगेच दाखवूनही दिले. पण अफवा पसरली. मार्च १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील 'हेवन्स गेट' पंथाच्या ३९ जणांनी धूमकेतूसोबत येणाऱ्या यानात चढण्यासाठी आत्महत्या केली. सारा दोष कार्यक्रमावर टाकणे अन्यायाचे होईल. त्या पंथाची श्रद्धा कितीतरी जुनी होती, आणि धूमकेतूला सोबती आहे की नाही याला आपल्या लेखी महत्त्व नाही, असे त्यांनी स्वत:च लिहून ठेवले होते. तरीही रात्रीच्या हवेत सोडलेला शब्द कोठे जाऊन पडेल याचा हिशेब सोडणाऱ्याला ठेवता येत नाही, हे त्या ३९ प्रेतांनी दाखवले.

मात्र विवेकवादी येथेच थांबला, तर त्याने अर्धेच काम केले असे म्हणावे लागेल. श्रोत्यांचे उत्तर चुकीचे असेल. त्यांचा संशय चुकीचा होता काय? रॉझवेलला परग्रहवासी पडले नव्हते. सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेण्यासाठी उंच आकाशात सोडलेल्या 'मोगल' या गुप्त योजनेतील फुग्यांची ती मोडतोड होती. पण हे सांगायला हवाईदलाने १९९४ साल उजाडू दिले, म्हणजे ४७ वर्षे. एरिया ५१ वरून १९५५ पासून यू-२ ही टेहळणी विमाने साठ हजार फुटांहून अधिक उंचीवर उडू लागली. संध्याकाळी खाली अंधार पडलेला असताना त्या उंचीवर अजून ऊन असे, आणि प्रवासी विमानांच्या वैमानिकांना डोक्यावर काहीतरी लखलखताना दिसे. गुप्तहेर खात्याच्या स्वत:च्याच इतिहासात असा दावा आहे की, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९६० च्या दशकातील बहुतेक काळात नोंदवलेल्या उडत्या तबकड्यांपैकी निम्म्याहून अधिक घटना अशा हेरविमानांच्या होत्या. हा आकडा थोडा फुगवलेला असू शकेल. खात्याला आपल्या यंत्रांचे कौतुक असते. परंतु पत्र लिहून विचारणाऱ्या नागरिकाला अधिकारी जाणूनबुजून वेगळेच उत्तर देत होते, एवढे त्यातून सिद्ध होते. याच खात्याने १९५३ पासून 'एमके-अल्ट्रा' या नावाखाली माणसांना न कळवता एलएसडी पाजून प्रयोग केले, आणि १९७३ साली तत्कालीन प्रमुखाच्या आज्ञेने त्याची कागदपत्रे नष्ट केली. असे वागणाऱ्या शासनसंस्थेचे नागरिक मध्यरात्री दूरध्वनी करून वाटेल ते विचारू लागले, तर नवल कसले?

आता सप्टेंबर १९९७ मधील एका रात्रीकडे वळू. बेल यांनी त्या रात्री एरिया ५१ च्या आजी-माजी कर्मचाऱ्यांसाठी एक स्वतंत्र दूरध्वनी राखून ठेवला होता. त्यावर एक रडवेला, घाबरलेला आवाज आला. आपण त्या तळावरून सुटलो आहोत, परग्रहवासी वाटतात ते प्रत्यक्षात दुसऱ्याच मितीतील प्राणी आहेत, मोठ्या शहरांतील लोक मारले जाणार आहेत, असे काहीबाही तो सांगू लागला. तेवढ्यात उपग्रहाशी असलेला संपर्क तुटला आणि देशभरातील केंद्रे मुकी झाली. हा प्रसंग त्या कार्यक्रमाची दंतकथा होऊन बसला आहे. पुढच्या वर्षी एकाने दूरध्वनी करून तो आपलाच बनाव होता, असे सांगितले. दंतकथेला त्याने काही इजा झाली नाही.

पण त्याच रात्री एरिया ५१ चे खरेखुरे कर्मचारी न्यायालयाच्या दारात उभे होते, ही गोष्ट मात्र दंतकथा झाली नाही. त्यांनी १९९४ साली लास व्हेगासच्या संघीय न्यायालयात दावा लावला होता. हे लोक शास्त्रज्ञ नव्हते, वैमानिकही नव्हते. लास व्हेगासहून खुणा नसलेल्या विमानांनी रोज तळावर नेले जाणारे ते कामगार होते. त्यांचे म्हणणे असे की, विमानांवर लावण्याचे गुप्त लेप, द्रावके, रंग आणि असला इतर विषारी कचरा तळावरील मोठमोठ्या खंदकांत टाकून उघड्यावर जाळला जाई, आणि त्या धुरात त्यांना काम करावे लागे. अंगावर माशाच्या खवल्यांसारखे चट्टे उठत, श्वास लागे. रॉबर्ट फ्रॉस्ट हा पत्राकामगार १९८९ साली मरण पावला होता. त्याची विधवा वादींपैकी एक होती. वॉल्टर कॅस्झा हा दुसरा पत्राकामगार दावा चालू असतानाच कर्करोगाने गेला. जिवंत असलेल्यांनी गुप्ततेच्या शपथा लिहून दिलेल्या असल्यामुळे ते स्वत:च्या नावाने न्यायालयात उभेही राहू शकत नव्हते. कागदोपत्री ते निनावी होते. ज्या कायद्याखाली हा दावा होता, त्यात पैशाची भरपाई मिळण्याची सोयच नव्हती. आपण काय हुंगले, त्या पदार्थांची नावे काय, एवढे डॉक्टरला सांगता यावे, ही त्यांची मागणी होती.

सरकारचे वकील त्या तळाचे नावसुद्धा मान्य करायला तयार नव्हते. २९ सप्टेंबर १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी निर्णय दिला की, 'ग्रूम सरोवरानजीकच्या हवाईदलाच्या कार्यस्थळा'ला घातक कचऱ्याच्या कायद्यातील माहिती उघड करण्याच्या तरतुदी लागू होणार नाहीत. ही सूट एका वर्षापुरतीच देता येते, म्हणून ती पुन:पुन्हा द्यावी लागते. क्लिंटन यांच्यानंतर आलेल्या बुश यांनीही ती दिली. एक डेमोक्रॅट, दुसरा रिपब्लिकन. या बाबतीत दोघांत तिळाइतका फरक पडला नाही. १९९६ साली खालच्या न्यायालयाने राष्ट्रीय गुपिताच्या सबबीखाली दावा काढून टाकला, जानेवारी १९९८ मध्ये वरच्या न्यायालयाने तेच कायम केले, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. आगीत जाळलेल्या पदार्थांची नावे त्या विधवेला एकाही न्यायालयाने मिळवून दिली नाहीत. तळाचे 'एरिया ५१' हे नाव आणि त्याची जागा गुप्तहेर खात्याने आपल्या कागदपत्रांतून उघड केली ती २०१३ साली.

हँगरमध्ये काय आहे, हा प्रश्न हजारो श्रोत्यांनी विचारला. हँगर झाडतो कोण आणि त्याची फुप्फुसे कशी आहेत, हा प्रश्न त्यापेक्षा कमी गूढ नव्हता. तोही दडवलेला होता, त्यालाही राष्ट्राध्यक्षांच्या सहीची मोहोर होती. फरक इतकाच की परग्रहवासी कधी वेतन मागत नाहीत, दावाही लावत नाहीत.

याहून जवळचा विषय तर बेल यांच्या अंगणात होता. पारम्प हे गाव नाय परगण्यात येते, आणि नेवाडाचे अणुचाचणी क्षेत्रही त्याच परगण्यात. तेथे १९५१ ते १९९२ या काळात ९२८ अणुचाचण्या झाल्या. त्यांतील शंभर जमिनीच्या वर, उघड्या हवेत. वारा लास व्हेगासकडे वाहत नसेल असा दिवस निवडला जाई. म्हणजे तो युटातील लहान गावांकडे आणि मेंढपाळांकडे वाहत असे. १९५३ च्या वसंतात हजारो मेंढ्या मेल्या. अणुशक्ती आयोगाने कुपोषणाचे कारण दिले आणि न्यायालयाने ते ग्राह्य धरले. त्याच न्यायाधीशाने १९८२ साली, सरकारने आपली फसवणूक केली होती, असा निवाडा दिला; वरच्या न्यायालयाने तो फिरवला. कर्करोगाने आजारी पडलेल्या माणसांसाठी भरपाईचा कायदा झाला १९९० साली, रक्कम ५०,००० डॉलर. तो जून २०२४ मध्ये मुदत संपून रद्द झाला आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा आणावा लागला. ढग, अदृश्य किरण, रात्रीत मरणारी जनावरे, खोटे बोलणारे अधिकारी: गूढकथेला लागणारे सारे साहित्य येथे आहे.

मग श्रोत्यांच्या मागण्यांत हे विषय वर का येत नाहीत? दोष श्रोत्यांच्या बुद्धीचा म्हणता येणार नाही. रात्रीची ती हवा कोणाच्या मालकीची आहे, हे पाहावे लागेल. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने देशात एका मालकाकडे किती नभोवाणी केंद्रे असावीत यावरील मर्यादा उठवली. तोवर चाळीस ही सीमा होती. काही वर्षांत 'क्लिअर चॅनेल' या एकट्या कंपनीकडे बाराशेहून अधिक केंद्रे जमा झाली. विलीनीकरणांच्या या लाटेत 'कोस्ट टू कोस्ट'ही तिच्याच छत्राखाली आला. मालकाच्या दृष्टीने असा कार्यक्रम सोयीचा असतो. उपग्रहावरून तो एकदा सोडला की शेकडो गावांत रात्री निवेदक ठेवावा लागत नाही, तंत्रज्ञही लागत नाही. संशय जितका दूरचा तितका तो निर्धोक. परग्रहावरच्या संशयाने कोणत्याही जाहिरातदाराचे काही बिघडत नाही.

माणूस काढून टाकलेली ही रात्र कशी असते, ते उत्तर डाकोटातील मायनॉट या गावाने अनुभवले. १८ जानेवारी २००२ रोजी रात्री दीडच्या सुमारास गावाबाहेर मालगाडीचे ३१ डबे रुळांवरून घसरले. पाच टाक्या फुटून निर्जल अमोनियाचा ढग कडाक्याच्या थंडीत घरांवर उतरला. गावातील सहाही व्यापारी केंद्रे क्लिअर चॅनेलची होती. लोकांना सावध करायला पोलिसांनी केंद्राशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला, तो साधला नाही. कंपनीने पुढे सांगितले की, केंद्रात माणूस होता आणि पोलिसांनीच आणीबाणीच्या सूचनेची यंत्रणा नीट वापरली नव्हती. दोष कोणाचाही असो, अंधारात नभोवाणी लावून बसलेल्या लोकांना, घरात थांबावे की बाहेर पडावे, हे बराच वेळ कोणी सांगितले नाही. एक मनुष्य मेला, तीनशेहून अधिक जखमी झाले. चौकशी मंडळाला आढळले की, रूळ जोडणाऱ्या पट्टीला तडे गेले होते आणि रेल्वे कंपनीच्या तपासणीत ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते.