फियाटचं स्टिअरिंग

माझं सासर देवासचं. आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या आजारात हवा मानवावी म्हणून जिथं गेले, तेच पवारांचं देवास. तिथं मामंजींची जुनी फियाट आहे, हस्तिदंती स्टिअरिंगची. पवारांच्याच धारमध्ये राहणाऱ्या पुतण्याला ते काळं करायचंय.

मी म्हटलं, ब्याड! माळव्याच्या उन्हात काळा रंग जास्त तापतो. शिवाय नुसता स्प्रे मारला, तर घामानं तो तळहाताला येतो नि ऐन वळणावर हात सटकतो. करायचंच, तर साबणपाण्यानं मेणचटपणा काढ, भेगा एपॉक्सीनं भर, पॉलिशपेपर मार, प्रायमर दे, मग पातळ थर. प्रत्येक थर पुरता वाळू दे. रंग हस्तिदंतीच. आणि मामंजींच्या बोटांनी झिजलेली जागा तेवढी भरू नकोस!

पुतण्या अजून हो म्हणालेला नाही.